बोगनवेलीचा वसंत

चैत्र लागला की पाथरीत बागवाल्यांची छाती फुगते, कारण अंगणात बोगनवेल फुलते. श्रेय आम्ही घेतो. खरं तर ते नळाचं. पाणी तोडलं की ही वेल जास्तच फुलते, आणि पाणी तोडण्यात मराठवाड्याचा हात कोण धरील? जायकवाडीचा डावा कालवा या भागात येतो, पण त्याची नजर उसावर.

तिची आणखी एक खुबी. डोळ्यांत भरतो तो रंग फुलाचा नसतोच, ती पानं. फूल आत, पांढरं, इवलंसं. आमच्या गावाचंही तसंच. २०२० च्या जानेवारीत साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीला १०० कोटी जाहीर झाले, निषेधात शिर्डीने बंद पाळला, आमचं गाव टीव्हीवर नुसतं बहरलं. बोगनवेलीला अगदी घरच्यासारखं वाटलं असणार.

मोगऱ्याचं मात्र तसं नाही. त्याला पाणी लागतं. "भांड्यांचं धुवण टाकत जा की," असं शेजारच्या काकू सुचवतात आणि पहाटे परडी घेऊन त्याच कळ्या देवाला नेतात. न विचारता तोडलेलं फूल देवाला लवकर पोचतं, हे शास्त्र गल्लीत सर्वमान्य आहे. म्हणून यंदा कुंडी कूलरच्या आडोशाला सरकवली. काल काकूंनी विचारलंच, "कूलरला अत्तर घालता का हो?"