शिवणीचा हरित आदर्श
विमानांचा धूर कसा घटवायचा, याची जगाला चिंता. अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीकरांनी खुशाल अकोल्याच्या शिवणी विमानतळाकडे बोट दाखवावं. धावपट्टी वाढवण्याचं घोडं वर्षानुवर्षं जागेपाशी अडलेलं, नियमित प्रवासी विमान नाही, म्हणजे प्रदूषणही नाही! कुणी म्हणेल, हे धोरण नव्हे, दिरंगाई. मान्य, पण धोरणाशिवाय धूर थांबला की काय होतं, तेही पाहिलंय. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तिचा धूर थांबला (प्रवासी दुसऱ्या विमानांत बसले, ते सोडा) आणि हजारो कर्मचारी थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर आले. आता धूर घटवायला आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७पासून १ टक्का शाश्वत इंधन मिसळायचं सरकारी उद्दिष्ट आहे. हे इंधन महाग, त्यामुळे उड्डाणं घटूही शकतात. पण सामान चढवणाऱ्यांच्या नोकऱ्यांचा हिशेब या टक्क्यात बसत नाही. उड्डाणं कमी करायचीच, तर आधी या माणसांची सोय लावा.