शेजारची खुर्ची

“भाऊजी, काल रात्री साडेदहाला आमच्याकडचा आवाज ऐकलात ना?”

मी जास्वंदीला पाणी घालत होतो. कुंपणापलीकडून वहिनींनी विषय काढला की नळ बंद करावा, पाणी वाया जातं.

“ऐकला. काहीतरी फुटलं वाटतं.”

“कपबशी! हे कॉम्प्युटरवर विमान उतरवत होते. डोळ्यांवर ते डबडं. हात गेला माऊसला आणि लागला चहाला. कीबोर्ड भिजला. वर मलाच विचारतात, इथे कप कुणी ठेवला?”

“डबडं म्हणजे हेडसेट?”

“तेच हो. निवृत्त माणसं पहाटे टेकडीवर जातात. आमचे रात्री जुहूहून उडतात. चांगला सत्तावीस इंची फोर-के पडदा घेतला होता. पण म्हणे पडद्यावर विमान दिसतं, विमानात बसल्यासारखं वाटत नाही.”

“त्यात तथ्य आहे, वहिनी. रविवारी मी घालून पाहिला. छोटं सेसना १७२ होतं. उतरायच्या आधी धावपट्टीला समांतर उलटं जायचं आणि मग डावीकडे दोनदा वळायचं. वळायचं कधी, ते डाव्या खांद्यामागे धावपट्टी कुठे राहिली त्यावरून कळतं. पडद्यावर त्यासाठी बटण दाबून दृश्य सरकवायचं. परत समोर बघेपर्यंत विमानाचं नाक भलतीकडे गेलेलं. हेडसेटमध्ये नुसती मान वळवली.”

“आणि मग?”

“मग गरगरलं.”

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. “तरीच जेवायला थांबला नाहीत!”

“अहो, डोळे सांगतात विमान वळतंय. तोल सांभाळणारा कानाचा आतला भाग सांगतो, तू खुर्चीत ढिम्म बसलायस. दोघांचं पटत नाही आणि हाल पोटाचे.”

“म्हणून यांनी समोर टेबलफॅन लावलाय. वारा लागला की मळमळ कमी होते म्हणतात. शेजारी आलेपाकाच्या वड्या. आणि खाली तो कॉम्प्युटर गिरणीसारखा घरघरतो, ते का?”

“दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं काढायची, तीही भराभर. पडद्यावर सेकंदाला तीस चित्रं आली तरी भागतं. डोक्यावर तेवढ्यावर भागवलं की पुन्हा आलेपाक.”

“बरं, एवढं करून यांना आतले आकडे वाचता येत नाहीत. सारखे पुढे वाकतात, गाभाऱ्यात डोकावल्यासारखे.”

“त्यांच्या त्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये एका डोळ्यासमोर आडवे २,०६४ ठिपके. ते पसरायचे सुमारे ११० अंशांत. तुमच्या पडद्यावर ३,८४० ठिपके, आणि दोन फुटांवर बसलं तर पन्नासेक अंशांत मावलेले. इकडे चादर लहान आणि पलंग दुप्पट. मोठं एअरबस घेऊन लांब जायचं, तासन्‌तास आकडे न् नकाशे बघायचे, तर पडदाच बरा.”

“हे यांना सांगा! मी बोलले तर म्हणाले, युरोपात २०२१ साली हेडसेटवरच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरला अधिकृत मान्यता मिळाली. रॉबिन्सन का काहीतरी.”

“रॉबिन्सन आर-२२. खरं आहे. हेलिकॉप्टर जमिनीलगत एका जागी धरायचं तर खाली, बाजूला बघूनच अंदाज येतो. पण तिथे खालचं व्यासपीठ हलतं, कॉकपिट हुबेहूब असतं. हात जिथे जाईल तिथे खरंच बटण असतं.”

“आमच्याकडे तिथे चहा.”

“मधला मार्गही आहे. टोपीला एक पट्टी लावायची, पडद्यावर छोटा कॅमेरा. ट्रॅकआयआर म्हणतात. मान जराशी वळवली की दृश्य भरपूर वळतं, नजर मात्र पडद्यावरच.”

“म्हणजे मान एकीकडे, नजर दुसरीकडे? त्याचा सराव आहे त्यांना. मी बोलत असताना पेपर तसाच वाचतात.”

मग त्या कुंपणाला जरा टेकल्या. आवाज उतरला. “तसं परवा मीही घातलं होतं ते.”

“काय सांगता! कुठे गेलात?”

“हर्णैला, माहेरी. सुवर्णदुर्ग पाण्यात दिसला. आमचं घर शोधलं, तर कौलांच्या जागी कुणाची तरी गच्ची. घर कॉम्प्युटरने आपल्या मनानेच बांधलेलं! पण समुद्र असा पायाखाली आला की मी पदर सावरला हो, खुर्चीत बसल्या बसल्या. तुमच्या पडद्यावर नाही होत तसं.”

“म्हणजे तुम्ही हेडसेटच्या पार्टीत?”

“ऐका तर. म्हटलं यांना दाखवावं, तो बघा किल्ला. म्हणून वळले, तर शेजारची खुर्ची रिकामी. एवढं खरं वाटत होतं ना, की ती रिकामी खुर्चीही खरीच वाटली. पोटात खड्डा पडला. आणि हे कुठे? मागे उभे! मला दिसत होतं तेच पडद्यावर बघत होते, आणि मला आपले म्हणतायत, अगं किल्ला गेला मागे, मान वळव.”

“मग?”

“मग काय, काढलं ते डबडं. म्हटलं, एकटे उडाल तेव्हा खुशाल घाला. मला कोकणात न्यायचं तर पडदा लावा आणि दोन खुर्च्या मांडा. मग उतरलो गोव्यापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने. रत्नागिरी आली तेव्हा मी भाजी निवडत होते.”

मी नळ पुन्हा सोडला. वहिनी दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

“आज परत जाणार आहोत. तुम्हीही या. येताना खुर्ची तेवढी आणा.”