भात खाईना कुत्रा

रिहे खोऱ्यात भातावरून वाद घालायला एक म्हण पुरते. 'पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा' हे आमच्या घरचं. पलीकडच्या आळीत कुत्रा तोच, पण नक्षत्र चित्रा. उत्तरा नक्षत्र सप्टेंबरच्या मध्याला लागतं, चित्रा ऑक्टोबरात, आणि मधल्या महिन्यात सगळाच मामला उलटतो. उत्तरात भात निसवत असतो, पाऊस हवाच. मग इतकं पिकतं की कुत्राही तोंड फिरवतो. चित्रापर्यंत इंद्रायणी पिवळी पडलेली. तेव्हा झोडपलं तर उभं पीक खाचरात लोळतं, आणि कुत्रा खाईना तो भात नासला म्हणून. यमक एकच, एका घरात बरकतीचं, दुसऱ्यात दिवाळ्याचं. कुत्र्याचं मत अजून कोणी घेतलेलं नाही.

अशा म्हणींना निदान पुस्तकात जागा मिळते. रेव्हरंड मॅनवेरिंग यांनी तर १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह थेट ऑक्सफर्डला छापला. पण घरगुती बोली कुठल्या साहेबाच्या हाती लागायची नाही. आमच्याकडचं 'आत्याचं इरलं' घ्या. आवणीच्या दिवसांत आत्या आपलं इरलं मागेल तिला द्यायची आणि स्वतः पोत्याची खोळ घेऊन चिखलात वाकायची. तेव्हापासून मालक सोडून सगळ्यांच्या कामी येणारी वस्तू म्हणजे आत्याचं इरलं. आधी पहार, मग सायकल, हल्ली मोबाइलचा चार्जर. आत्याचं म्हणणं, "आरं, इरलं गेलं ते गेलं, वर नाव माझंच!"

हाल होतात ते बाहेरून आलेल्या सुनांचे. वहिनी सोलापूरची. नवी असताना तिनं छत्री मागितली, तर आई म्हणाली, "तिचं आत्याचं इरलं झालंय." बिचारीनं इरलं शोधायला अख्खा माळा धुंडाळला. सोलापुरात असला सरंजाम लागतोच कुठे म्हणा!

पण तीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. नोकरी हिंजवडीच्या आयटी पार्कात. अंतर फार नाही, पण संध्याकाळी तिथल्या कोंडीतून गाडी सुटेल तेव्हा खरं. एकदा रात्री कुकर काही केल्या शिट्टी देईना, तेव्हा ती म्हणाली, "डाळीला हिंजवडी लागलीय." घरानं ते लगेच उचललं. आता हिंजवडी नळाला लागते, पुतण्याच्या लग्नाला लागते. परवा आई दवाखान्यात सांगत होती, "जिना चढताना गुडघ्याला हिंजवडी लागते बघा." डॉक्टर वाकडला राहणारे. पुढचं काही न विचारता त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.