बारामती-इंदापुरात एक दिवस ट्राउटच्या मागावर

ट्राउट हा थंड, खळाळत्या पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर चढलं की त्याची अन्नावरची वासना उडते, आणखी चढलं की तो जीव सोडतो. इंदापूर तालुक्यात एवढं गार पाणी फक्त माठात सापडतं. तरीही निर्धार पक्का असेल तर पुढे वाचा.

आधी ओढा शोधावा. नकाशावर ओढे भरपूर आहेत. पाणी पाटबंधारे खात्याच्या हातात आहे. म्हणून इथला जाणता गळकरी आभाळाकडे बघत नाही, नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार ते विचारतो.

गळाला गांडूळ लावायचं नाही. रेशीम आणि कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून खोटी माशी करायची. पोल्ट्रीच्या शेडी या भागात पुष्कळ, पण ब्रॉयलरला मानेवर पिसं मिरवण्याइतकं आयुष्य लाभत नाही. गावरान कोंबडा गाठा. मालकाला कारण सांगू नका.

दोरी आधी मागे झोकायची, मग पुढे सोडायची. मागे ऊस, उसाच्या कडेला वेडी बाभळ. पहिली शिकार बाभळीचीच होते.

आता चाल. ट्राउटला चाहूल लागू नये म्हणून मातकट कपड्यांत, वाकून, आवाज न करता काठाकाठाने सरकावं, असं शास्त्र आहे. नदीकाठच्या मोटारी आणि केबल चोरणारेही नेमके असेच सरकतात. त्यामुळे थोड्याच वेळात बांधावरून हाक येते.

"कोण हाय रं तिकडं?"

"अण्णा, मासं धरतोय."

"एवढ्याशा पाण्यात? कसलं मासं?"

इथे 'ट्राउट' म्हणू नये. तिथून प्रकरण पोलीसपाटलाकडे जातं.

साहेबाने ट्राउट काश्मिरात नेला, निलगिरीत नेला. भीमेच्या काठी आणायचं धाडस त्यालाही झालं नाही. १९५२ साली मात्र आफ्रिकेकडचा दुसरा पाहुणा देशात आला, चिलापी. त्याला ना गारवा लागतो, ना स्वच्छ पाणी, ना मानपान. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि कालांतराने त्या पाण्यात त्याने असा संसार मांडला की भीमेचे मूळचे मासे आपल्याच घरात भाडेकरू झाले. मला विचाराल तर हा मोठा तोटा आहे. पण भिगवणच्या मासळी बाजारात हे बोलायला गिऱ्हाईक थांबत नाही.

तेव्हा उन्हं तापली की ओढा सोडा आणि पळसदेवच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर या. जिथे जाळी लागलेली असतात तिथे गळ टाकण्याआधी मच्छीमाराला विचारा. तो तुमची रेशमी माशी उलटीसुलटी करून बघेल, काही बोलणार नाही, आणि कणकेची गोळी पुढे करेल. ती मुकाट्याने लावा.

संध्याकाळी भिगवणला जेवायला बसलात तर एवढं पथ्य पाळा: ताटातल्या चिलापीला कौतुकाने ट्राउट म्हणू नका. पुढच्या खेपेला हॉटेलच्या पाटीवर तेच नाव दिसेल आणि थाळीचा दर तिप्पट झालेला असेल.