वडील परदेशी शिकवतात

माझे वडील पाचवी नापास. तरीही 2 वर्षं ते मालदीवमधल्या एका बेटावर गणित शिकवत होते. म्हणजे शिकवायचो मीच, पण हजेरी त्यांची लागायची.

दोष आपल्या गुणपत्रिकेचा. तिच्यावर आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव. अर्जात मी ते तसंच उतरवलं. तिकडच्या लोकांनी शेवटचा शब्द आडनाव समजून घेतला आणि वेळापत्रकावर, स्टाफरूमच्या कपाटावर, पोरांच्या तोंडी मी वडिलांच्या नावाचा 'सर' झालो. दुरुस्तीसाठी पत्र दिलं. उत्तर आलं, त्यातही 'प्रिय'च्या पुढे वडीलच.

गेलो काहून? आमची शाळा विनाअनुदानित. शाळा 20 टक्के अनुदानावर आली की आमच्यात नातू झाल्यासारखे पेढे वाटतात. आमचे पेढे दरवर्षी पुढच्या वर्षी होते. तोवर सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या आणि सुट्टीत सोयाबीन. मालदीवच्या शाळांना भारतातून मास्तर लागतात. केरळ-तामिळनाडूचे बरेच असतात. त्यांच्यात बुलढाण्याचा एक घुसला. काका म्हणाले, "काहून रे, इथल्या पोट्ट्यायनं तुहं काय घोडं मारलं?"

घोडं मारलं कागदांनी. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण खरं, पण गावाला रेल्वे नाही. दर वेळी राजूर घाट उतरायचा, मलकापूर गाठायचं आणि फलाटावर ठरवायचं की आज पूर्वेला की पश्चिमेला. पदवी अमरावती विद्यापीठाची, शिक्के मुंबईचे. एक शिक्का खरा आहे हे सांगायला दुसरा, दुसऱ्याची साक्ष द्यायला तिसरा. लग्नाच्या यादीवरही एवढ्या सह्या होत नाहीत, आणि तिथं निदान चहा मिळतो.

पोचलो. तोवर मी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. तेही खारंच, पण बिचारं आपल्या खड्ड्यात बसून असतं. हे पाणी चहूबाजूंनी, आणि मधलं बेट चालायला घेतलं की 20 मिनिटांत संपायचं. रात्री तर कुत्रंसुद्धा भुंकेना. चौकशी केली तर कळलं, तिथं कुत्री आणायलाच बंदी आहे. त्या शांततेनं मला 8 दिवस झोप नाही.

नवव्या दिवशी लागली. रविवार होता, निवांत पडलो होतो, तर दारावर थाप. शाळा! सुट्टी शुक्रवार-शनिवारची. मग शेजाऱ्याकडून वार शिकलो आणि गहिवरून आलं. रविवार आदीत्त, सोमवार होमा, मंगळवार अंगारा, बुधवार बुधा, गुरुवार बुरास्फती. धिवेही भाषा आपल्याच कुळातली निघाली. आकडेही ओळखीचे: एकेह, देह, तिनेह. दोन म्हणजे देह! माझ्याकडे देह एक आणि वर्ग चार, पण हा विनोद सांगायला तिथं कुणी नव्हतं.

भाषा जिंकली असं वाटलं तोच लिपी आडवी आली. थाना लिपी उजवीकडून डावीकडे जाते. तिची पहिली 9 अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली, पुढची 9 जुन्या धिवेही आकड्यांवरून. गणिताच्या मास्तराचा जन्म आकड्यांत गेला आणि किराणा दुकानाच्या पाटीसमोर तो निरक्षर ठरला.

नाश्त्याला मास हुनी. टूना, खोबरं, कांदा, मिरची. शेगाव स्टेशनवरच्या कचोरीवर वाढलेला माळकरी घरचा माणूस सकाळी माशासमोर बसला. मी म्हणालो, मांसाहार चालत नाही. स्वयंपाकी समजूतदार होता. म्हणाला, "मांस नाहीच, मासा आहे."

वर्गात मात्र मी भरात होतो. फळ्यावर माझं हुकमी उदाहरण घातलं: एक आगगाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने निघाली. पोरं बघत राहिली. आगगाडी कुणीच पाहिली नव्हती. मालदीवमध्ये रूळच नाहीत. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, तुमच्या गावातून जाते का?" मी म्हणालो, नाही. "मग कुठून जाते?" आता हिला खामगाव-जालना रेल्वेची कथा कुठून सांगू? त्या मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी. आमच्याकडे आगगाडी फक्त गणितातच सुटते, हे मला त्या बेटावर जाऊन कळलं.

मी गाडी पुसली आणि नाव घातली, प्रवाहाच्या दिशेने जाणारी. तिथं पोरं माझी मास्तर झाली. होडीचं इंजिन किती ताकदीचं, वारा कुठला, माणसं किती? एवढं कळल्याशिवाय वेग काढायला कुणी तयार होईना. खरं सांगायचं तर बरोबर होतं त्यांचं. मी आयुष्यात नाव चालवलेली नव्हती, नुसती सोडवलेली होती.

पहिला पगार झाला तेव्हा घरी फोन केला आणि नावाची सगळी भानगड वडिलांच्या कानावर घातली. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे पगार माह्या नावानं निघून राहिला?"

"हो."

"मंग मले पाठव."

दोन वर्षं पाठवला. त्यातून शेतात विहीर झाली. सातबाऱ्यावर तिची नोंद वडिलांच्याच नावावर आहे. तिथं मात्र नावाचा क्रम बरोबर लागलाय.