लाल बटणाला झेंडूची माळ

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या पॅनेलच्या दुकानात संध्याकाळी सहानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ए आणि बी उलटं करून बघ."

मोटारी फिरवणारे आठ ड्राइव्ह, त्यांना हुकूम देणारा एक पीएलसी आणि मधून गेलेल्या ए आणि बी या दोन तारा. सात ड्राइव्ह व्यवस्थित बोलतायत, पाच नंबरचा रुसलाय. वायरमन घाईत पीएलसीच्या टोकाला तारा उलटतो. पाच नंबर लगेच बोलायला लागतो आणि बाकीचे सात गप्प होतात. हा उपाय निदान निरुपद्रवी आहे. तारा उलटल्याने सहसा काही जळत नाही. शिवाय दोष एकट्या वायरमनचा नाही. या तारांचं आरएस-४८५ हे मानक १९८३ सालचं, आणि त्यातल्या ए-बीचा अर्थ उत्पादक आजही आपापल्या मर्जीने लावतात. एकाचा ए दुसऱ्याचा बी असतो, तिसरा नुसतंच अधिक-उणे छापून मोकळा होतो. त्या तारांवरून चालणारी मॉडबस भाषा तर १९७९ची, मॉडिकॉन कंपनीने काढलेली. ती भाषा साधी आहे, भांडण सगळं तारांचं.

ही तार पंगतीसारखी फिरवायची असते : एका पानावरून पुढच्या पानावर, मधे कुणी उठून वेगळी पंगत मांडायची नाही. आणि दोन्ही टोकांना, फक्त टोकांना, १२० ओहमचा एकेक रोध. पण हा रोध जोडायचा बारका स्विच बऱ्याच ड्राइव्हवर आयता दिलेला असतो, आणि हाताशी स्विच असताना तो बंद ठेवणं आपल्या स्वभावात बसत नाही. आठही ड्राइव्हवर तो चालू केला की मीटर ६० ओहमऐवजी १५ दाखवतो आणि सगळी लाइन घसा बसल्यासारखी घोगरी बोलते.

त्यात नीटनेटकेपणाची हौस. मोटारची जाड केबल आणि संवादाची नाजूक तार एकाच ट्रेमध्ये, दर वितीवर टाय मारून, मालकाला दाखवावी अशी सरळ रेषेत बांधलेली! ड्राइव्ह मोटारला वीज देताना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. तो सगळा गोंगाट शेजारणीच्या कानात शिरतो. या दोघींना लांब ठेवायचं, आणि गाठ पडलीच तर काटकोनात. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

हे सगळं शेवटी सुटतं, कारण संवाद तुटला की बोंब होते. स्क्रीन लाल होते, उत्पादन थांबतं, मालक स्वतः खाली येतो, कुणीतरी लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवर निघतो.

इमर्जन्सी बटणाचं तसं नाही. ते बिघडलं तर कुणालाच कळत नाही.

ड्राइव्हवर एसटीओ नावाची टर्मिनलं असतात. त्यांची जोडणी तुटली की मोटारला मिळणारा जोर आतूनच बंद होतो. त्यासाठी दोन स्वतंत्र वाहिन्या असतात, म्हणजे एक दगावली तरी दुसरी थांबवते. चाचणी सोपी जावी म्हणून कारखान्यातूनच तिथे २४ व्होल्टचा जंपर लावून येतो. वायरमन बटणाच्या तारा प्रामाणिकपणे जोडतो आणि जंपर काढायला विसरतो. पुढे बटण दाबलं की टक्क असा आश्वासक आवाज येतो. मोटार निष्ठेने फिरत राहते.

काही हुशार मंडळी तर ही तारच वाचवतात. "थांबण्याची आज्ञा मॉडबसवरूनच पाठवू की!" म्हणजे जी तार मघाशी आठांपैकी सातांशी बोलत नव्हती, तिच्या भरवशावर हात ठेवायचा. ती तुटली तर काय करायचं, हे बऱ्याच ड्राइव्हना पॅरामीटरमध्ये सांगून ठेवावं लागतं; नाही सांगितलं तर काही ड्राइव्ह आधीच्याच वेगाने फिरत राहतात.

एसटीओ म्हणजे ब्रेक, हा आणखी एक गोड गैरसमज. जोर गेल्यावर जड पंखा आपल्या वेगाने फिरत फिरत थांबतो, आणि होइस्टला वेगळा ब्रेक नसेल तर ओझं सरळ खाली येतं. एसटीओने ड्राइव्हची वीजही तोडली जात नाही. आतले कॅपॅसिटर भरलेलेच राहतात, म्हणून मेन बंद करूनही झाकण उघडण्याआधी थांबायचं. किती, ते ड्राइव्हवर छापलेलं असतं, बहुधा पाच मिनिटं. तेवढा वेळ चहाला लागतोच.

आयएसओ १३८५० या मानकात बटण लाल आणि त्यामागची पाटी पिवळी सांगितली आहे. आपल्याकडे खंडेनवमीला पूजा झाली की त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची माळही चढते. मशरूमसारखा आकार, माळ अडकवायला सोयीचा. नंतर फुलं वाळतात, दोरा तसाच बटणाभोवती राहतो. ऑपरेटर मात्र त्याच बटणाने रोज सुट्टीच्या वेळी मशीन बंद करतो, कारण स्टॉपचं बटण लांब आहे.

तेव्हा नवं पॅनेल ताब्यात घेताना लघुउद्योजकाने एवढं करावं. मशीन रिकामं फिरत असताना प्रत्येक लाल बटण स्वतः दाबून पाहावं. मग वीज बंद करून, ठरलेला वेळ थांबून, एसटीओच्या एकाच वाहिनीची तार सोडवायला सांगावी आणि मशीन पुन्हा चालू होतं का ते बघावं, व्हायला नको. बटण दाबून झाल्यावर ते नुसतं मोकळं केलं आणि मशीन आपोआप फिरायला लागलं, तर तेही मानकाला मंजूर नाही. यातलं एक जरी फसलं, तर पॅनेलवाल्याचं बिल अडवावं.