परीक्षेपुरता हुशार

अँटिव्हायरस गप्प असला, तर संकट आलंच नाही की आलेलं त्याला दिसलं नाही, हे तुम्हाआम्हाला कळायला मार्ग नाही. म्हणून जर्मनीतली एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज अशा स्वतंत्र प्रयोगशाळा त्याची परीक्षा घेतात. एव्ही-टेस्टकडे 18 पैकी साडेसतरा गुण पडले की ‘टॉप प्रॉडक्ट’. निकाल पाहावा, तर वर्गातले बरेच जण पहिले! (फी बहुधा परीक्षार्थीच भरतात, पण ते असो.)

2015मध्ये चीनच्या चिहू 360 या अँटिव्हायरस कंपनीने तर कमालच केली. तपासणीला पाठवलेल्या प्रतीत रोमानियाच्या बिटडिफेंडरचं इंजिन चालू. घरच्या गिऱ्हाइकांच्या प्रतीत ते बंद आणि स्वतःचं चालू. म्हणजे पेपर डमीने लिहिला, नोकरीवर रुजू झाले चिरंजीव. वरच्या दोन्ही प्रयोगशाळा आणि व्हायरस बुलेटिन ही तिसरी परीक्षक संस्था यांनी मिळून चिहूची त्या वर्षीची प्रमाणपत्रं काढून घेतली. चोरी परीक्षकांनीच पकडली, हे त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवं.

गिऱ्हाईक मात्र खोक्यावरचा सोनेरी शिक्का पाहतं, मान डोलावतं आणि दुकानदार म्हणेल तोच अँटिव्हायरस घेतं. दुकानदाराची कसोटी त्याहून सोपी: कमिशन कशावर जास्त?